मरहून, त्याची समहा आणि माझी नजर

हिवाळी मेळ्याच्या कचेरीतून एक माणूस आला होता. म्हणाला, "मरहून बिन सईद यांच्याबद्दल चार ओळी सांगा, फलकावर लावायच्यात. बाहेरचे पाहुणे वाचतील." मी म्हटलं, "आणि माझ्याबद्दल कोण सांगणार?" तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

मी गंमत करत नव्हतो, आणि म्हातारा तर मुळीच नाही. बावन्न म्हणजे काही वय नव्हे. चार ओळी दिल्या त्याला, गुळमुळीत, फलकाला शोभतील अशा. खरं काय ते इथे सांगतो. मरहूनला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही, कारण त्याच्यावर माझ्याइतकं कुणी जळलेलं नाही.

आमचे बाप सख्खे भाऊ. ज्या उन्हाळ्यात आम्ही जन्मलो, तेव्हा सगळा कबिला वाळूतून उठून बिदियाच्या खजुराच्या बागांत उतरला होता, दरसाल उतरतो तसा. मी अकरा दिवसांनी थोरला. त्याच्याआधी मला मिळालेली ही एकच गोष्ट. आजोबांनी दोघांना एकेक शेळी दिली. त्याच्या शेळीला जुळं झालं, माझी कोल्ह्याने नेली. शाळेत दोघंही नापास झालो. मला बापाने बडवलं, आणि त्याला मास्तर घरी जेवायला घेऊन गेले, का तर पोरगं गोड बोलतं. गोड बोलतं म्हणजे काय, तर बोलतच नाही. ऐकून घेतं आणि हसतं. लोकांना तेवढं पुरतं.

मोठेपणी त्याने पाण्याचा टँकर धरला. वाळूतल्या वस्त्यांना पाणी पोचवायचं, संध्याकाळी परत यायचं, यात काय मोठंसं? पण भोंगा वाजला की बायका म्हणायच्या, "मरहून आला." पाणी आलं असं कुणी म्हणत नसे. टँकर सोडून किती वर्षं झाली, तरी अजून वस्तीवरून एखादी म्हातारी त्याच्यासाठी तुपाची बरणी पाठवते. माझ्या घरावरून जाते ती बरणी.

मी पाहुण्यांचा धंदा धरला. नोव्हेंबर लागला की आमच्या वाळूला माणसं फुटतात. मस्कतहून येतात, दुबईहून येतात, कुठल्या कुठल्या थंड देशांतून येतात. मी त्यांना गाडीत घालतो, टायरची हवा कमी करतो आणि टेकाडावरून असा खाली सोडतो की मोठमोठे साहेब आईला हाका मारतात. जीव मी धोक्यात घालतो, पेट्रोल माझं जळतं, पाठ माझी दुखते. आणि खाली उतरल्यावर ते विचारतात काय, तर तिकडे सांडणीजवळ बसलेला तो माणूस कोण? झालं. सगळे त्याच्यापाशी. तो कहवा ओततो, खजूर पुढे करतो, इंग्रजीचा एक शब्द येत नाही त्याला, आणि तासभर कुणी उठत नाही. एका जर्मन बाईने तर पुढच्या वर्षी त्याच्यासाठी लोकरीचे मोजे विणून आणले. वाळवंटात लोकरीचे मोजे. आणि हा बाबा ते घालतो.

"तुमच्या नाकाला का मिरच्या झोंबतात?" माझी बायको गालिया विचारते. "तुम्हाला हवेत का मोजे? मी विणते."

"मला मोजे नकोत."

"मग काय हवंय, सालिमचे बाबा?"

काय हवं होतं ते सांगतो. मला उभं राहायचं होतं.

आमच्याकडे मेळ्याला 'अर्धा' नावाची सांडण्यांची जोडदौड असते. पाहुण्यांना ती शर्यत वाटते. धावून झाली की विचारतात, जिंकलं कोण. कुणी जिंकत नाही. दोन सांडण्या मानेला मान लावून भरधाव सोडायच्या, एकीचं नाक दुसरीच्या नाकापुढे बोटभर जाता कामा नये. दोन्ही स्वारांनी हातात हात धरायचा. आणि मग एकाने, धावत्या सांडणीवर, वशिंडामागच्या खोगिरावर ताठ उभं राहायचं. दुसऱ्याने बसल्या जागेवरून त्याला हात द्यायचा. तो हात ढळला तर वरचा खाली, आणि खाली आठ पायांचा धुमाकूळ. उभा राहतो त्याला सगळे बघतात. हात देणाऱ्याला कोण बघतो? बावीस वर्षं मरहून उभा राहिला आणि बावीस वर्षं मी हात दिला. एकदा त्याचं चित्र मोठ्या रस्त्यावर लावलं होतं, घराएवढं. आकाशात मरहून, आणि कडेला कोपरापर्यंत एक हात. तो मी.

असं का, तर पहिल्या वर्षी हमूद बाबांनी ठरवलं. हमूद बाबा म्हणजे आमच्या कबिल्यातले सगळ्यात वडीलधारे, त्यांचा शब्द खाली पडत नाही. म्हणाले, मरहून हलका आहे, तो उभा राहील. जुमाचा पंजा मजबूत आहे, तो हात देईल. झालं ठरून. त्यानंतर मरहूनचं वजन वीस किलोने वाढलं, पण पुन्हा कुणी तोलून बघितलं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. मेळा सुरू करायचा मान आमच्या जोडीला मिळाला. सगळ्यात आधी आम्ही धावणार, मोकळ्या मैदानात, एकटी आमची जोडी. मरहूनची सांडणी समहा तेव्हा सात वर्षांची, भर तारुण्यात. माझी रीम तिच्याहून वर्षाने मोठी. मेळ्याला आठ दिवस होते. गुरुवारी संध्याकाळी सरावाला जमलो, तर मरहूनच्या आईने, जुवैना काकीने, समहासाठी नवे गोंडे विणलेले. लाल, काळे, पांढरे, गुडघ्यापर्यंत लोंबणारे. उन्हं उतरली होती. समहा मान उचलून अशी आली, असं एकेक पाऊल टाकत, की मला दुसरं काही दिसेना. 

मी म्हणालो, "काय दिसतेय रे तुझी समहा. अशी सांडणी साऱ्या वाळूत नाही."

आणि थांबलो.

आमच्यात असं थांबत नाहीत. कुणाचं काही वाखाणलं की पाठोपाठ माशाअल्ला म्हणायचं, म्हणजे वाहवा देणाऱ्या देवाची होते आणि घेणाऱ्याला दृष्ट लागत नाही. बोबडं बोलणाऱ्या पोरालाही हे शिकवावं लागत नाही. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं ते. मी दात आवळले. म्हटलं, प्रत्येक वेळी मीच का म्हणायचं? आज नाही म्हणणार. बघू.

मरहून माझ्याकडे बघून हसला. ते नेहमीचं. गालिया मात्र परतताना गाडीत म्हणाली, "तुम्ही माशाअल्ला म्हणाला नाहीत."

"मनात म्हटलं."

"मनातलं मला माहीत आहे," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

शुक्रवारी समहाने चारा सोडला. शनिवारी पाणी सोडलं. जनावरांचा डॉक्टर आला, पोट दाबलं, जीभ बघितली, सुई टोचली, म्हणाला ताप नाही, जखम नाही, थांबून बघू. मी बघायला गेलो तर जुवैना काकीने कुंपणाला शेळीच्या केसांचं जाजम टांगून आडोसा केलेला. जनावराला कुणी डोळे भरून बघू नये म्हणून. माझ्या मनात आधीच पाप, मी आडोशाबाहेरूनच परतलो.

रविवारी सकाळी मरहून माझ्याकडे आला. बसला, कहवा घेतला, कप हलवून नको म्हणून खूण केली.

"समहा काही मेळ्याला उभी राहायची नाही," तो म्हणाला. "मी विचार केला. तू उभा राहा."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? रीमवर. माझा भाचा खल्फान आहे, त्याची सांडणी बरी आहे. तो तुला हात देईल. हमूद बाबांना मी सांगितलंय, ते हो म्हणाले."

बघा आता. जे बावीस वर्षं मागत होतो ते माणूस घरी आणून देत होता, आणि वर कहवा पण माझाच पिऊन. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. खोटं कशाला बोलू, तो उंबरठा ओलांडेपर्यंत मला आनंदच झाला होता. मग गालियाने कप विसळायला उचलले आणि माझ्याकडे बघितलं. त्या आनंदाची चव गेली.

दुपारी जुवैना काकी कासंडी घेऊन वस्तीत निघाली. आमच्याकडे दृष्ट अशी उतरवतात: ज्याची लागली असेल त्याच्या उष्ट्या कपातला गाळ, किंवा त्याने हाततोंड धुतलेलं पाणी, आजाऱ्याच्या अंगावर शिंपडायचं. दुसऱ्या कुणाच्या पाण्याने उतरत नाही. आता कुणाची लागली हे तोंडावर कसं विचारणार? म्हणून घरोघर जाऊन सगळ्यांच्याच कपांतला गाळ गोळा करायचा, म्हणजे कुणावर आळ नाही आणि ज्याचा असेल त्याचाही आपोआप येतो. चांगली रीत आहे. लाज राखणारी रीत आहे. मी तर दारातच कप घेऊन उभा राहिलो होतो. म्हटलं, सुटलो. गाळ जाईल, समहा उठेल, कुणाला कळणार नाही.

काकी माझ्या दारावरून पुढे गेली.

"काकी," मी हाक मारली, "माझा राहिला."

"तुझा नको रे बाळा."

"का नको?"

"मरहूनने शपथ घातलीय. म्हणाला, साऱ्या वस्तीचा घे, जुमाच्या दारात जाऊ नको. त्याच्याकडे मागितलं तर त्याला काय वाटेल? बावीस वर्षं ज्याने हात धरला, त्याच्यावर संशय?" काकीने माझ्या गालावरून हात फिरवला. "तू आहेस म्हणून आम्हाला घोर नाही."

ती गेली आणि मी तिथेच कप घेऊन उभा. आता घे म्हणून मागे लागलो असतो तर म्हातारीने विचारलंच असतं, का रे, तुला एवढी घाई का? चोराच्या मनात चांदणं. बावन्न घरांचा गाळ समहाच्या अंगावर पडला आणि त्यात एक माझाच नव्हता. तळपायाची आग मस्तकात गेली माझी. समहावर नाही, काकीवर नाही. मरहूनवर. ह्याचा चांगुलपणासुद्धा माझ्या मुळावर येतो.

सोमवारी खल्फानबरोबर सराव केला. मी उभा राहिलोच नाही. म्हटलं, गुडघा दुखतोय, उद्या बघू. मंगळवारी सकाळी वस्तीत बातमी आली की समहा बसली ती उठत नाही, मान वाळूवर टाकून पडलीय.

मी गेलो. काकी नमाजाला आत गेली होती. जाजम सारून मी कुंपणात शिरलो. समहाचे डोळे अर्धे मिटलेले, पापण्यांवर माश्या. मी जवळ बसलो तशी तिने मान उचलली, कशीबशी, आणि तोंड माझ्या काखेत खुपसलं. लहान असल्यापासूनची खोड तिची. माझ्या काखेत तिला काय सापडतं देव जाणे. तिचा श्वास गरम होता आणि आंबट वास येत होता.  मी तिला म्हणालो, "माशाअल्ला." पाच वेळा म्हणालो. आता त्याचा काय उपयोग? बाण सुटल्यावर भाता झाकण्यासारखं ते.

पाणी तर तिथे हौदात होतं. गुपचूप हात धुवावेत आणि ते तिच्यावर ओतावं, एवढंच तर होतं. मी बाह्यासुद्धा सारल्या. तेवढ्यात जाजमापलीकडून काकीचा आवाज आला, "कोण आहे?" मी म्हणालो, "मी, जुमा." आणि काकी म्हणाली, "तू होय. मग बस, बस." आणि परत आत गेली.

ते ऐकलं आणि मी बाह्या खाली ओढल्या. शिंतोडे तरी किती चोरून उडवणार माणूस?

दुपारच्या नमाजानंतर मरहूनच्या बैठकीत नेहमीची मंडळी जमलेली. हमूद बाबा लोडाला टेकून, खल्फान कहवा ओततोय, आणखी आठ-दहा जण मेळ्याच्या गोष्टी करतायत. मी दारात उभा राहिलो. सलाम केला. कुणीतरी म्हणालं, "या, आता तुमचे पाय खोगिराला लागायचे." हसले सगळे.

मी म्हणालो, "मरहून, एक परात आण. आणि पाणी."

"हात धुवायला? तिकडे नळ आहे की."

"परात आण म्हणतो ना."

तो आत गेला, परात आणली. मी मधोमध बसलो. आधी हात धुतले, मग तोंड, मग कोपरापर्यंत हात, मग पाय, सगळं परातीत.  हमूद बाबांची जपमाळ थांबली. मी म्हणालो, "गुरुवारी समहाला मी बघितलं. वाखाणली. आणि देवाचं नाव घेतलं नाही. विसरलो नव्हतो. मुद्दाम घेतलं नाही."

खल्फानच्या हातातली सुरई तशीच वाकडी, कहवा कप भरून चटईवर सांडत होता. मरहूनने पुढे होऊन त्याच्या हाताला हात लावला तेव्हा तो भानावर आला. मग मरहून माझ्यासमोर वाकला. परात उचलली, सांभाळून, एक थेंब न सांडता, आणि मागल्या दाराने समहाकडे गेला.

बुधवारी सकाळी समहा उठली आणि तिने लसूणघासाची पेंडी संपवली. डॉक्टर म्हणतो, माझ्या सुईचा गुण तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतोच. म्हणेना का.

आता माझं काय झालं ते ऐका. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते. मी रस्त्याने चाललो की बायका पोरांना पदराआड घ्यायला लागल्या. शेजारणीने दुधाचं भांडं झाकलं, रिकामं होतं तरी. तंबूवाल्या मालकाने नवी गाडी घेतली होती, तो मला बघून लांबूनच ओरडला, "माशाअल्ला म्हणा हो, जुमाभाऊ, आधी म्हणा, मग बघा." आणि हमूद बाबांनी निरोप पाठवला. समहा बरी झाली हे चांगलं झालं, जुमाने कबूल केलं हे त्याहून चांगलं झालं, पण यंदा मेळ्याला जुमाने मैदानात उतरू नये. मरहून उभा राहील, खल्फान हात देईल.

म्हणजे उभं राहणं गेलं ते गेलंच, हातसुद्धा गेला.

मेळ्याच्या दिवशी मी दोरीच्या अलीकडे पाहुण्यांत उभा होतो. एक बाई शेजारी पोराला खांद्यावर घेऊन उभी. मागे ढोल, तलवारी घेऊन नाचणारे, हलव्याच्या कढया, सगळं जोरात. मग भोंगा झाला आणि त्या दोघी सुटल्या. समहा नव्या गोंड्यांसह, आणि तिच्या डाव्या बाजूला खल्फानची सांडणी. पोरगा चांगला स्वार आहे, नाव ठेवायला जागा नाही. नाकाला नाक होतं. हातात हात होता. मरहूनने धावताना म्हणायचं आमचं गाणं म्हणायला घेतलं, त्याचा तो फाटका आवाज मला दोरीपर्यंत ऐकू आला. आता तो उठेल, मला वाटलं. माझा उजवा हात माझ्या नकळत पुढे झाला होता, ती बाई माझ्याकडे बघायला लागली.

मरहून उठला नाही.

अर्धं मैदान गेलं, पाऊण गेलं. खल्फान त्याच्याकडे बघून काहीतरी बोलला. मरहूनने मान हलवली. दोघं बसल्या बसल्या शेवटच्या खांबापलीकडे गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय, दोन उंट पळाले म्हणजे झालं.  पण आमच्या माणसांत कुजबुज सुरू झाली. आणि घटकाभरात ती कुजबुज काय बनली माहीत आहे? "मरहूनने भावासाठी मान सोडला." "असा माणूस होणे नाही." "काळीज बघा त्याचं." सगळ्या बैठकीदेखत तोंड मी काळं करून घेतलं, आणि वाहवा कुणाची? मरहूनची. मी थुंकलो वाळूत.

तो घोळक्यातून वाट काढत माझ्याकडे आला. काकी मागून म्हणत होती, आज नको, लोक आहेत. त्याने ऐकलं नाही.

"पाहुणे जेवायला गेले की रीमला घेऊन ये," तो म्हणाला.

"कशाला?"

"ये तर."

उन्हं कलली होती. लोक सगळे हरीसच्या पातेल्यांभोवती, मैदान रिकामं, नुसती तुडवलेली वाळू. मी रीमला समहाच्या शेजारी आणली. आपण होऊन त्या दोघींनी माना जुळवल्या, बावीस वर्षांची सवय आमची, त्यांना दुधातूनच मिळालेली. मरहूनने हात पुढे केला. डावा नाही, उजवा. तो हात देणाऱ्याच्या बाजूला आला होता.

"आज तू उभा राहा," तो म्हणाला.

"कुणी बघायला नाही, आता कशाला?"

"तुला उभं राहायचं होतं की बघितलं जायचं होतं?"

मी शिवी दिली त्याला. आणि टाच मारली.

शंभर पावलांवर वेग आला. त्याचा हात माझ्या हातात, त्याच्या तळव्याला टँकरच्या चाकाचे घट्टे अजून आहेत. मी एक गुडघा टेकवला, दुसरा टेकवला, आणि पाय सरळ केले. आईशपथ सांगतो, मला काही आकाश दिसलं नाही, वारा लागला नाही, राजा झाल्यासारखं वाटलं नाही. मला फक्त तो हात कळला. माझ्या अंगातलं सगळं, हाडं, दात, घरी वाट बघणारी गालिया, सगळं त्या एका तळव्यात होतं, आणि खाली पावलं धपधपत होती. त्याला वाटलं असतं तर त्याने बोट सैल केलं असतं आणि लोक म्हणाले असते, म्हातारपणी हौस नडली. मी वीस-पंचवीस ढांगा उभा होतो. मग मी बसलो.

परत येताना सांडण्या पायी चालवल्या.  मी विचारलं, "तुला माझं कधी कळलं?"

"काय?"

"सोंग करू नको. माझी नजर."

"पहिल्याच वर्षी," मरहून म्हणाला.

मी थांबलो. "पहिल्या वर्षी? आणि तरी उभा राहिलास? बावीस वर्षं? माझ्या हातावर?"

"मग कुणाच्या राहू?" तो समहाच्या मानेवरची वाळू झाडत होता. "बाकीचे स्वार समोर बघतात. खल्फान आज गर्दीकडे बघत होता. तू मी उठल्यापासून बसेपर्यंत माझ्यावरून डोळा काढत नाहीस. माझा पाय इकडचा तिकडे झाला तर माझ्याआधी तुला कळायचं. माझ्या आईने नसेल बघितलं मला एवढं." मग जरा थांबून म्हणाला, "मला कधी पडायची भीतीच वाटली नाही, जुमा."

मला भयंकर राग आला. "लेका," मी म्हणालो, "म्हणजे बावीस वर्षं मी जळत होतो आणि तू त्यावर शेकत बसलास?"

तो हसला. ते नेहमीचं, बिनआवाजाचं. पुढच्या मेळ्याला हमूद बाबांनी काहीही सांगितलं तरी डाव्या बाजूला तूच, असं म्हणाला, आणि समहाला घेऊन हौदाकडे गेला.

मी तिथेच रीमचा दोर धरून उभा राहिलो. त्याची शेळी, त्याची सांडणी, त्याचं नाव, या सगळ्याचा मला हेवा वाटला होता, आणि यातलं काहीही नशिबाने मलाही मिळू शकलं असतं. पण आपल्यावर जळणाऱ्याचा हात धरून धावत्या जनावरावर ताठ उभं राहायचं, आणि बावीस वर्षं त्याला कळूही द्यायचं नाही, हे मला सात जन्मांत जमलं नसतं. त्या दिवसापासून मी ह्याच एका गोष्टीवर जळतो, आणि हे पूर्वीच्या सगळ्याहून जास्त दुखतं.